खिंडीपर्यंतचे बूट

दादा,

आज दुपारी रोह्याच्या बाजारात तुझ्यासाठी चपला घ्यायला गेले होते. दुकानदार ओळखीचा. त्यानं नेहमीसारखं विचारलं, "कुणासाठी, ताई?"

"भावासाठी."

"नंबर?"

"नऊ. पण पंजा रुंद आहे, दहाच दाखवा."

"रोजच्या वापराला का गाडीवर?"

रोजचा वापर तर संपला. मग तोंडातून निघून गेलं, "लांब जायचंय त्याला." झालं, त्याची टकळी सुरू झाली. लांबच्या गाडीला चप्पल नकोच ताई, घोटा झाकेल असंच काहीतरी घ्या, तळ जाड हवा पण वाकणारा हवा, ओल्यात घसरता कामा नये. माझीच वाक्यं तो मला ऐकवत होता. त्याच्या दुकानात उभी राहून इतकी वर्षं मी हेच तर बोलत आलेय, तेही तुझ्याच पायांसाठी. मला हसू आलं, आणि हसता हसता तोंड असं वाकडं झालं की त्यानं बोलणं सोडून पाण्याचा ग्लास पुढं केला.

उद्या तुझं तेरावं. आपल्या घरात गेलेल्या माणसाच्या नावानं छत्री आणि पायताण देतात, आणि पायताण बहिणीनं आणायचं असतं. आजोबांच्या वेळी त्यांच्या बहिणीनं आणलं होतं, आबांच्या वेळी आत्या घेऊन आली. पुढचा रस्ता तापल्या वाळूचा, काट्यांचा, अनवाणी माणसाचे हाल होतात, असं ती सांगायची. मला हे सगळं पटतं असं नाही. पण माझ्या वाट्याला नेमकं हेच काम यावं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. जन्मभर ज्याच्या पायात काही घालता आलं नाही त्याला आता घालायचं, आणि या वेळी तो नको म्हणू शकत नाही. आणि तरी मला धीर होत नाही. कारण काल वहिनीनं मला एक गोष्ट सांगितली. ती पुढं सांगते. आधी भांडण पुरं करू दे.

भांडण साधंच होतं. तू मोटारसायकल अनवाणी चालवायचास.

ती पहिली लाल गाडी तू दसऱ्याला घरी आणलीस. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदीकुंकवाची बोटं. आबा अंगणात उभे होते. तू चपलेसकट किक मारायला पाय उचललास तसे ते म्हणाले, "आरं, लक्ष्मी हाय ती. चपला काढ." आबांचं सारं आयुष्य मिठागरात गेलेलं. मिठावर चप्पल घालून पाय ठेवायचा नाही हा तिथला नेम. जे पोट भरतं त्याच्यावर पायताण चालत नाही. तू चपला काढल्यास, आणि मग काढल्यासच. आबा गेले, लाल गाडी गेली, काळी आली, तिच्यानंतर निळी आली, पण तुझा पाय उघडा तो उघडाच राहिला.

आणि तुझी ती खोड! चपला काढून गाडीवर बसायचं आणि चपला तिथंच विसरून जायचं. रामवाडीच्या चहावाल्याकडे तुझा एक जोड कायम पडलेला असायचा. वडखळला एक. वहिनीच्या माहेरी गागोद्याला तर तिच्या आईनं तुझ्या चपला ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, आणि "जावयांनी दुकान काढलंय" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पेणहून निघालास की पोचशील तिथं अनवाणीच उतरायचास, आणि मग यजमानाच्या चपला पायात सरकवून परसात जायचास. आमच्या घरातल्या चपला तू इतक्या ढिल्या केल्यास की आमच्या ह्यांना त्या कधी नीट बसल्या नाहीत.

मी विचारायचे, "दादा, लाज नाय वाटत? शिकलासवरलेला माणूस."

तू म्हणायचास, "गिअर पायाला कळाया लागतो गो. मीठ कसं, तळव्याला कळतं पाण्याखाली धरलंय का नाय. बुटातून काय कळनार?"

मग मी आवाज चढवायचे.

तू माझं ऐकलं नाहीस तरी माझ्याकडे कारण होतं, हे तुला ठाऊक होतं. हाडांच्या डॉक्टरांकडे मी प्लास्टरच्या खोलीत काम करते. दिवसभर माझ्यासमोर पायच असतात. गाडी नुसती आडवी झाली तरी घोटा खाली सापडतो. सायलेन्सरला पोटरी लागून कातडं निघतं. अंगठ्याच्या चपलेतून अंगठा निसटतो आणि रस्त्याला घासत जातो. बुटाची मोकळी लेस गिअरच्या दांडीत अडकते आणि सिग्नलला पाय खाली टेकायच्या वेळी टेकतच नाही. उंच टाचेची सँडल घालून स्कूटर चालवणाऱ्या पोरी तर मी किती पाहिल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, "इथं जवळच तर जायचं होतं." मी ओलं प्लास्टर गुंडाळत असायचे आणि त्या प्रत्येक पायाच्या जागी मला तुझा रुंद, काळा, टाचेला चिरा पडलेला पाय दिसायचा.

तरी एक कबूल करते, तू प्रयत्न केलेस. डोलवीला कंपनीत कंत्राटदाराकडे लागलास तेव्हा तुला ते लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज मिळाले. मी म्हटलं, चला, देव पावला. कंपनीत घालतोस तेच गाडीवर घाल. पहिल्याच शिफ्टला तू ते घालून निघालास. बुटाचं नाक एवढं जाड की गिअरच्या दांडीखाली जाईना, आणि जोर लावून घातलं तर बाहेर येईना. वडखळच्या नाक्यावर, सगळ्या ट्रकवाल्यांच्या देखत, तू गाडीसकट हळूच डावीकडे कलंडलास. लागलं काहीच नाही. पण दोघातिघांनी मिळून तुझा पाय बुटातून सोडवला आणि मग बूट गाडीतून सोडवला. तू मला फोन करून म्हणालास, "सुमे, तुझ्या बुटानं मला पाडला." माझ्या बुटानं! तेव्हापासून सेफ्टी शूज कंपनीच्या गेटाच्या आत आणि तू गेटाबाहेर अनवाणी.

मग पावसाळ्यात गमबूट झाले. आत पाणी शिरलं की ते बूट राहत नाहीत, बादल्या होतात. मग कॅनव्हासचे, ते वाळेचनात. मग पट्ट्यांचे सँडल, त्यांत पुढून खडी घुसायची आणि तू चालत्या गाडीवर पाय झटकत राहायचास. तुझ्या पायासाठी या जगात कोणी काही बनवलंच नव्हतं.

दादा, तू गेल्यापासून दुपारी जरा डोळा लागला की मला गाडीचा आवाज येतो. मग दिसतं, की पेणहून इकडे येणारा रस्ता रस्ता नाहीच, मिठागरच आहे, उन्हात पाण्यानं भरलेलं. सगळं आभाळ त्यात उतरलंय. पांढऱ्या राशी मागं मागं जातायत आणि तू त्या उथळ पाण्यावरून गाडी चालवत येतोयस. पाणी उडत नाही, आवाज फार लांबून यावा तसा येतो. मी काठावर उभी राहून ओरडते, "दादा, बूट!" तू हसतोस आणि पाय वर उचलून दाखवतोस. तळवे अगदी गुलाबी, लहान मुलाचे असतात तसे. मग मला जाग येते आणि गाडी शेजारच्यांची निघते.

मला ती खिंडसुद्धा आठवते. माझं नवं लग्न झालेलं, माहेरपण संपल्यावर तू मला लाल गाडीवरून रोह्याला सोडायला निघालेलास. नागोठणं सोडलं आणि भिसे खिंडीत धुकं असं उतरलेलं की पुढची झाडं एकेक करून येत होती आणि आपल्याला बघून परत जात होती. मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, लग्नातल्या नव्या सँडल पायात. कुठल्याशा वळणावर माझी डावी सँडल पडली. मी बोललेच नाही. नवी नवरी, भावाला कशाला त्रास, म्हणून गप्प बसले. पण तुला कसं कळलं कुणास ठाऊक, तू गाडी थांबवलीस. "सुमे, तुझा एक पाय गप झाला," म्हणालास. सँडलची पट्टी सैल होती आणि ती सारखी वाजत होती म्हणे.

आपण मागं चालत गेलो. तू अनवाणी, मी एका पायात सँडल घालून लंगडत. धुक्यात आपलंच बोलणं आपल्याला दुसऱ्या कुणाचं वाटत होतं. तू आयच्या गोष्टी काढल्यास. लहानपणी तू आबांबरोबर मिठागरातून आलास की आय तुला ओट्यावर बसवायची, गोड्या पाण्यानं पाय धुवायची, खोबरेल चोळायची, आणि ते करता करता तुला इतकं बोलायची की शेजारणी ऐकायला यायच्या. मला त्यातलं थोडंच आठवत होतं. तू म्हणालास, "आय जाऊन एवढी वर्षं झाली, पण अजून पाय धुतला की कुनीतरी वरडंल असं वाटतं." मग ती सँडल दिसली. रस्त्याच्या कडेला सरळ उभी, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. तू ती उचललीस, झटकलीस, आणि रस्त्यातच खाली बसून माझ्या पायात घालून पट्टी एका भोकानं आवळलीस. म्हणालास, "गाडीवर बसाचं तर पायात घट्ट पायजे." दुसऱ्यांच्या पायाचं तुला सगळं कळत होतं.

म्हणूनच गेल्या भाऊबीजेच्या आधी मी तुला पेणच्या बाजारात धरून नेलं. दुकानातून बूट घेऊन रस्त्यावर आले, तुला गाडीवर बसवलं आणि एकेक जोड घालून बघितला. दुकानदार दारात उभा राहून आपली जत्रा बघत होता. डाव्या बुटाचं नाक दांडीखाली सहज जायला हवं. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकायला हवेत. घोट्याची दोन्ही हाडं झाकली जायला हवीत, पण ब्रेक दाबताना घोटा वाकायलाही हवा. लेस असली तर तिला आत खोचायला जागा हवी. बोटं आत हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. "बायको शोधताना पन एवढं नव्हतं बघितलं," तू म्हणालास. वहिनी बाजूलाच होती. ती म्हणाली, "म्हनून तर मी गावली."

शेवटी तो तपकिरी जोड मिळाला. मऊ चामड्याचा, बाजूला चेन, डाव्या पायाच्या वर गिअरसाठी जाड पट्टी. तू घालून चार पावलं चाललास ते बगळा चिखलातून चालतो तसा. मी विचारलं, "कुठं टोचतं?" तू म्हणालास, "कुठंच नाय. त्याचंच भ्या वाटतं."

भाऊबीजेला तू आलास तो अनवाणी.

मी दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी, आणि तू गाडी लावून, धुळीनं भरलेले तेच पाय घेऊन पायरीवर. काय बोलले मी तुला! सगळी आळी गोळा केली. तू मान खाली घालून ऐकत होतास, आणि मग हळूच म्हणालास, "पानी हाय का गो तापलेलं?"

पाणी असायचंच. तू येणार म्हटलं की मी आधीच चुलीवर ठेवायचे. तुला ओट्यावर बसवून मी पायावर पाणी घालायचे, टाचेच्या चिरांतली धूळ काढायचे, खोबरेल चोळायचे आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे. तू डोळे मिटून बसायचास. मला राग यायचा, की मी एवढी पोटतिडकीनं बोलतेय आणि ह्याची समाधी लागलीय. त्याच वेळात तू सगळं सांगायचास. कंत्राट बंद होणार आहे ते, पोरीचं लग्न जमतंय ते, छातीत कधीकधी कळ येते तेही. ते शेवटचं तू इतक्या सहज सांगितलंस की मी तेल लावता लावता "डॉक्टरला दाखव" एवढंच म्हटलं आणि पुन्हा बुटांवर आले. तू "व्हय" म्हणालास. दाखवलंस का, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

तू गेलास तो घरीच, दुपारचा, जेवून खाटेवर पडला होतास. मी पोचले तेव्हा तुझे पाय चादरीबाहेर होते. एक ओरखडा नव्हता. इतकी वर्षं अनवाणी गाडी चालवून घोटा शाबूत, बोटं शाबूत. तू जिंकलास दादा. मला तुझा मोडलेला पाय चालला असता. माझ्या हातानं मी त्याला प्लास्टर घातलं असतं, आणि पुढं दीड महिना रोज तुझं डोकं खाल्लं असतं. तुझ्या त्या धडधाकट पायांचा मला इतका राग आला की मी ते दोन्ही हातांनी धरून बसले आणि कुणाला सोडवता येईना.

आता काल वहिनीनं सांगितलेलं ऐक. तुला तर माहीतच आहे, पण मला ते माहीत झालंय हे तुला माहीत नाही.

मी तिला विचारलं, "वहिनी, ते तपकिरी बूट कुठं हायत? नवेच असतील. तेराव्याला तेच देऊ."

ती उठली, निळ्या गाडीला अडकवलेली रेक्झिनची पिशवी उघडली आणि बूट काढून माझ्यासमोर ठेवले. नवे नव्हते. तळ झिजलेला होता, घोट्यापाशी चामड्याला मोड पडलेली होती. डाव्या बुटावरची पट्टी तर गिअर घासून घासून काळी पडून गुळगुळीत झाली होती.

"हे कुणी वापरले?"

"कुनी म्हंजे? त्यांनीच. सारखे घालायचे गो. लय आवडले व्हते. आबांचं वचन मोडलं म्हनून पयल्या दिवशी गाडीला नारळ फोडला नि पाया पडून घातले."

"मग माझ्याकडे येताना?"

वहिनी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "येताना पन घालूनच निघायचे. खिंड उतरली का थांबवायचे गाडी, बूट काढून पिशवीत टाकायचे. मी एकदा मागं बसलेली, तवा इचारलं, आता पोचलो ना, आता कशाला काढता? तर बोलले, बूट घालून गेलो तर सुमी खुर्चीवर बसवंल नि चा देईल. अनवाणी गेलो तर पानी तापवील, नि आयसारखी वरडंल. मला बोलले, तिला सांगू नको. सांगितलंस तर माझी आय दुसऱ्यांदा जाईल."

दादा, मी तिथंच अंगणात बसले. मला वाटत होतं मी तुझ्याशी भांडतेय. तू तर पेणहून रोह्यापर्यंत आयला भेटायला यायचास, आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. एवढी लबाडी कुठून शिकलास रे? तुझ्या तोंडावर एकदा तरी मला हे फेकायचं होतं. आणि मग पाणी जरा जास्तच तापवायचं होतं.

आज सकाळी पेणहून स्कूटरवरून परत येताना खिंड उतरल्यावर मी त्या जागी थांबले. तिथं काहीच नाही, एक साग आहे आणि किलोमीटरचा दगड. दगडावर बसून बूट काढत असशील. चेन ओढायची, पाय मोकळे करायचे, मुद्दाम जरा धुळीतून फिरवायचे, की सुमी चिडलीच पाहिजे. मला ते इतकं स्पष्ट दिसलं की मी दगडाशेजारी जरा जागा सोडूनच उभी होते. वारा होता. ऊन सागाच्या पानांतून खाली येऊन हलत होतं.

म्हणून दुकानातून मी चपला घेतल्या नाहीत. बूटच घेतले, घोटा झाकणारे, तसेच तपकिरी. आत्या कुरकुरेल, की तेराव्याला बूट कोण देतं. देऊ दे तिला शिव्या. आपले भटजी स्कूटरवरून येतात, अंगठ्याच्या चपला घालून, आणि त्या वयात त्यांचा घोटा मला प्लास्टरच्या खोलीत बघायचा नाही. त्यांच्या पायांनी तुला पोचले तर उत्तमच.

तुझे जुने मी मागून आणलेत. ते माझ्या दारात, पायरीवर आहेत.

तर असं कर. वाळू असो, काटे असोत, उद्या देते ते घालून नीघ, चेन वरपर्यंत ओढ. आबांना मी समजावते. पण इकडे यायचं मनात आलं कधी, तर खिंड उतरल्यावर थांब आणि काढून ठेव, नेहमीसारखे. मला काही माहीत नाही. मी ओरडेन.

पाणी ठेवलंय.

— सुमी